होमस्टेमधले प्राणी मलूल दिसतात: पिंजरे वाढवण्याआधी काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुहागर तालुक्यात तुमचं होमस्टे आहे. पाहुण्यांच्या मुलांसाठी आठ ससे, वीसेक रंगीत पक्षी, सहा बदकं, एक पोपट, दोन लाल कानांची कासवं आणि पडवीत एक फिश टँक ठेवलाय. या मोसमात काही पाहुण्यांनी ‘प्राणी मलूल वाटतात’ असा शेरा दिला आणि तो तुम्हाला लागला. सगळे पिंजरे दुप्पट करायचे म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडून एस्टिमेटही आणलंत. पावसाच्या आत काम उरकायचंय, पण पैसे घालण्याआधी विचारताय. फार बरं केलंत.

एस्टिमेट तूर्त बाजूला ठेवा. मी याच किनारपट्टीवर जनावरांची डॉक्टर म्हणून बरीच वर्षं काम करतेय. पूर्वी बोलावणी गाईबैलांसाठी आणि शेळ्यांसाठी यायची, आता रिसॉर्टमधल्या प्राण्यांसाठीही येतात. प्रशस्त पिंजऱ्यात खिन्न बसलेले प्राणी मी पुष्कळ पाहिलेत, आणि बेताच्या जागेत मजेत राहणारेही. फरक पडतो तो त्या जागेत प्राण्याला स्वतःचं काय ठरवता येतं याने. उन्हात बसायचं की सावलीत, माणसांसमोर यायचं की आड जायचं, सोबतीत राहायचं की जरा बाजूला, आत्ता खायचं की मागाहून. मोकळं जनावर दिवसभर हेच ठरवत असतं. पिंजऱ्यात घातलं की हे सगळं आपण ठरवतो, आणि बहुतेकदा आपल्या सोयीने. म्हणून प्रत्येक पिंजऱ्यापुढे उभं राहून आधी एवढंच बघा: आतल्या प्राण्याला माणसाच्या नजरेआड जाता येतं का? तुम्ही पाठवलेल्या फोटोंत एकाही पिंजऱ्यात तशी सोय दिसत नाही. चारही बाजूंनी जाळी, वर पत्रा.

हायनी हेडिगर या स्विस प्राणिसंग्रहालय संचालकांनी गेल्या शतकात दाखवून दिलं होतं की प्रत्येक प्राण्याचं पळून जाण्याचं एक ठरावीक अंतर असतं. माणूस त्याच्या आत आला की प्राणी मागे सरतो. मागे सरायला जागाच नसेल तर भीती तशीच साचून राहते. आडोसा असेल तर तेच अंतर थोडक्या जागेत मिळतं, कारण भिंतीमागे गेलेल्या सशापुरता समोरचा माणूस नाहीसा होतो. याचा अर्थ जागेला किंमत नाही असं नव्हे. हालचालीला पुरेशी उंची-लांबी-रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल समितीनेही शेतीतल्या जनावरांसाठी किमान एवढं मागितलं होतं: उभं राहता यावं, आडवं होता यावं, वळता यावं, अंग साफ करता यावं, हातपाय ताणता यावेत. ही झाली सगळ्यात खालची पायरी. तुम्हाला तिच्या बरंच वर जायचंय.

तातडीची कामं शेवटी क्रमाने दिलीत, ती थांबवू नका. बाकी काहीही बदलण्याआधी एक वही घ्या. सकाळी उजाडताना, दुपारी आणि दिवेलागणीला पंधरा-पंधरा मिनिटं पिंजऱ्यापासून लांब बसा आणि कोण काय करतंय ते फक्त लिहा. खातोय, झोपलाय, जाळी चावतोय, एकाच रेषेत येरझाऱ्या घालतोय, दुसऱ्याच्या अंगावर धावतोय. आठवडाभरात चित्र समोर येईल. मग एका वेळी एकच बदल करा आणि वही चालू ठेवा. सगळं एकदम बदललंत तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. आणि ही वही रोज चारा घालणाऱ्या माणसाच्या हाती द्या. तुमच्याकडे जो कोणी हे काम करतो त्याला प्राण्यांमधलं तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त दिसतं, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

आता ससे. त्यांच्याबद्दल जास्त लिहिते, कारण होमस्टेमध्ये सगळ्यात जास्त हाल त्यांचेच होतात आणि ते मुकाट सोसतात.

ससा पहाटे आणि संध्याकाळी हिंडणारा प्राणी. दुपारी तो पडूनच राहणार. पाहुणे जेवून दुपारी दोनला बघायला येतात आणि त्यांना मलूल ससे दिसतात; यातलं काही नुसतं वेळेचं आहे. पण सगळं नाही. उद्या दुपारी एका सशाजवळ शांतपणे बसून बघा. कान मागे टाकून, अंग पसरून, डोळे अर्धवट मिटून पडला असेल तर तो आरामात आहे. पाय पोटाखाली घेऊन अंग चोरून बसला असेल, नाकपुड्या भराभर हलत असतील, कूस धपापत असेल, तोंडाभोवती ओल असेल, तर त्याला उष्मा होतोय. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते. तीस अंशांच्या वर त्याला जड जायला लागतं आणि आपल्याकडे मे महिन्यात दमट हवेत पारा त्याच्या वरच असतो. त्यातून पिंजऱ्यावर पत्रा. पत्र्यावर नारळाची झापं दुहेरी घाला, पश्चिमेकडूनही एक झाप टांगा. थंड पाण्याने पुसलेली फरशी आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली आत ठेवा. मात्र कोरडा कोपराही हवा. कुठे बसायचं ते ससा ठरवील.

मग त्याला हळूच उचला आणि मागच्या पायांचे तळवे बघा. टाचेकडचे केस झडून कातडी लाल किंवा खपलीची झाली असेल तर ते जाळीच्या तळाने झालंय. जाळीचा तळ साफ करायला सोपा, विष्ठा खाली पडते, म्हणून सगळे तोच करून घेतात. पण सशाच्या तळव्याला कुत्र्यामांजरासारखी गादी नसते, केसच असतात. तळावर लाकडी फळी टाका आणि वर भाताच्या पेंढ्याचा जाड थर. साफ करताना सगळा पेंढा एकदम काढू नका. ओला भाग रोज काढा आणि कोरडा मूठभर जुना पेंढा नव्यात मिसळा. त्याला स्वतःचा वास राहिला की तो निर्धास्त असतो.

लपायला घर बांधायचंय, तेही फॅब्रिकेशनवाल्याकडून नको. घराच्या कामातले उरलेले जांभ्याचे चिरे असतीलच. तीन बाजू चिऱ्यांच्या, वर एक फरशी, आणि दोन तोंडं. दोन हवीतच, कारण एकाच तोंडाच्या बिळात जबरदस्त ससा दुसऱ्याला कोंडून धरतो. चिऱ्याच्या खरखरीत बाजूवर तळवे घासणार नाहीत एवढं बघा. शेजारी एका जुन्या घमेल्यात माती भरून ठेवा, उकरण्यासाठी. उकरणं ही त्यांची गरज आहे. माती मिळाली की जाळी ओरबाडणं पुष्कळ कमी होतं, हे वहीत दिसेल.

खाणं: ताटातला मोठा भाग वाळलेल्या गवताचा असावा, दिवसरात्र समोर. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चघळूनच झिजतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापलेलं गवत उत्तम. भाताचा पेंढा त्याच्या खालोखाल, सत्त्व कमी. हिरव्यात दुर्वा, जास्वंदीची पानं, कोथिंबीर. अळू आणि कण्हेर अजिबात नाही. गाजर चवीपुरतं, कारण त्यात साखर फार. पावसात कापून ढीग घातलेलं, आतून गरम झालेलं गवत कधीही देऊ नका. सशाला उलटी होत नाही, पोट फुगलं की तो झपाट्याने जातो. अर्धा दिवस न खाल्लेला ससा म्हणजे तातडीने डॉक्टर, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

आणि नर-मादी आज वेगळे करा. मादी चार-पाच महिन्यांत वयात येते आणि गाभण राहिली की महिन्याभरात विते. मला पिलांसाठी फोन येतात, ‘ससे खूप झालेत, नेता का’ म्हणून, आणि त्या वेळी कोणाकडेच चांगलं उत्तर नसतं. प्रौढ नरही एकमेकांना फाडतात. डॉक्टरांकडून खच्चीकरण करून घेतलं तर जोड्या लावून सुखाने ठेवता येतात. आठही ससे एका पिंजऱ्यात आहेत म्हणून तुम्हाला मोठा पिंजरा हवासा वाटतोय. दोन सशांना तीन मीटर बाय दोन मीटर मोकळी जमीन आणि मीटरभर उंची, हे माप चांगलं मानतात. तेव्हा एक मोठा पिंजरा करण्यापेक्षा परसात दोन-दोनांची आवारं करा. जाळी अर्ध्या इंचाची, जमिनीत फूटभर गाडलेली, आणि रात्री बंद खोपटं. आपल्याकडे मुंगूस आहे, कांडेचोर म्हणजे उदमांजर आहे, अजगर आहे, बिबट्याही आहे.

रंगीत पक्ष्यांकडे वळू. दुकानदार सरसकट लव्हबर्ड म्हणून विकतात, पण फोटोतले तुमचे सगळे बजरीगर, म्हणजे छोटे ऑस्ट्रेलियन पोपट, आहेत. २०२४ च्या नियमांनी साइट्स करारातल्या (धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परदेशी प्राण्यांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली. बजरीगर त्या यादीत नाहीत. पुढे कोणी डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेले खरे लव्हबर्ड आणून दिले तर ते यादीत येतात, तेव्हा आधी नोंदणी.

त्यांचा पिंजरा उंच आणि अरुंद आहे. पक्षी आडवे उडतात, लिफ्टसारखे वर-खाली नाहीत. तोच पिंजरा आडवा पाडलात तरी बरंच साधेल. आतल्या सारख्या जाडीच्या गुळगुळीत दांड्या काढा आणि पेरूच्या, जांभळाच्या ओबडधोबड फांद्या लावा, म्हणजे पंजाची पकड बदलत राहते आणि तळव्याला घट्टे पडत नाहीत. टांगलेली मडकी निम्मं वर्ष तरी काढून ठेवा. मडकं दिसलं की जोड्या अंडी घालत राहतात, माद्या झिजतात आणि मडक्यांवरून मारामाऱ्या होतात.

वाटीत राळे ओतून ठेवू नका, निदान सगळे नको. राळ्याची कणसं टांगा. नारळाच्या सोडणाच्या तुसांत दाणे खोचा, बांबूच्या पेराला भोकं पाडून त्यात भरा, पोफळीच्या विरीवर सुका पातेरा पसरून त्यात टाका. ग्लेन जेन्सन यांनी १९६३ साली उंदरांवर प्रयोग केला होता: समोर फुकटचं खाणं असतानाही बहुतेक उंदीर कळ दाबून खाणं मिळवायचे. नंतर असंच वागणं अनेक पक्ष्यांत आणि प्राण्यांत दिसलं. शोधून खाणं हे त्यांना हवं असतं. बाजारातली महागडी खेळणी लागत नाहीत. वाडीत जे रोज जळणात जातं त्यातूनच सगळं होतं.

चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शियमसाठीही दुकानात जाऊ नका. पावसाळ्यानंतर आपल्या किनाऱ्यावर माकुळाचं पांढरं, हलकं हाड वाहून येतं, समुद्रफेस म्हणतात ते. गोळा करून तीन-चार दिवस गोड्या पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, मग कडक उन्हात खडखडीत वाळवा आणि मऊ बाजू पक्ष्यांकडे करून जाळीला तारेने बांधा. तासाभरात चोचींचे ठसे दिसतील.

पिंजरा चुलीच्या वाऱ्यात असेल तर आजच हलवा. पक्ष्यांची फुप्फुसं धुराला फार नाजूक असतात. आणि रात्री दहा-बारा तास काळोख हवा. पाहुण्यांसाठी पडवीतली ट्यूब अकरापर्यंत जळत असेल तर पिंजऱ्याच्या तीन बाजूंना जाड कापड घाला. विष्ठा कोरडी असताना झाडू नका, आधी पाणी शिंपडा. तिच्या धुळीतून माणसालाही फुप्फुसाचा आजार होऊ शकतो.

पोपटाचं मात्र वेगळं आहे, आणि इथे मी मऊ बोलणार नाही. गळ्याभोवती गुलाबी कड्याचा आपला पोपट वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि तो पाळल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे पोपट आहे’ हे मी घरोघरी ऐकते. त्यातली माया मला कळते. पण आज पिंजऱ्यात आलेलं प्रत्येक पिल्लू कोणीतरी ढोलीतून काढलेलं असतं. दार उघडून त्याला सोडूनही देऊ नका. माणसाच्या हातावर वाढलेल्या पक्ष्याला खाणं शोधता येत नाही, पंखांत बळ नसतं, कावळे पहिल्याच दिवशी टोचून मारतात. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा आणि रीतसर त्यांच्याकडे द्या. तोवर त्याला पेरू, हिरवी मिरची, भिजवलेली कडधान्यं द्या, तेलकट दाणे आणि चहाची बिस्किटं बंद.

बदकांना तलाव लागतोच असं नाही, पण डोकं पूर्ण बुडेल इतकं खोल पाणी लागतं. डोळे आणि नाकपुड्या ती पाण्यातच धुतात. सिमेंटची टाकी हिरवी होईपर्यंत तशीच राहते आणि मग तीच आजाराचं घर होते. त्यापेक्षा दोन मोठे टब ठेवा, रोज ओता, पाणी माडाच्या आळ्यात सोडा. रात्रीच्या खोपटात भाताचं तूस. पाय ओल्या सिमेंटवर राहिले की तळव्याला गाठी येतात, तेव्हा चालताना कोणी लंगडतंय का ते बघा.

कासवांच्या टबात पाण्याबाहेर येऊन पूर्ण कोरडं होता येईल असा दगड ठेवा आणि टब सकाळचं थेट ऊन व सावली दोन्ही मिळतील असा लावा. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. ऊन आणि चुना कमी पडला की कवच मऊ, वेडंवाकडं होतं. डोळे सुजले तर बहुधा खाण्यात अ जीवनसत्त्व कमी आहे. ही कासवं तीस वर्षंही जगतात आणि ताटलीएवढी होतात, टब त्या हिशेबाने निवडा. कंटाळा आला म्हणून पऱ्ह्यात किंवा तळीत मात्र कदापि सोडू नका. जगातल्या सर्वांत उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत त्यांचं नाव आहे आणि आपली स्थानिक कासवं त्यांच्यापुढे टिकत नाहीत. फिश टँकला बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घ्या. मृग लागला की आपल्याकडे वीज किती तास जाते ते मी सांगायला नको.

पावसाची तयारी हेच तुमचं खरं काम आहे, आणि एस्टिमेटमधले पैसे मी तिथे घालीन. वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून खोपट्यांची तोंडं पूर्वेकडे करा आणि तळ जमिनीपासून हातभर उचला. गुडघ्यावर बसून, तुमचं नाक सशाच्या नाकाच्या पातळीवर आणून वास घ्या. डोळे चुरचुरले तर आत अमोनिया साठलाय, हवा खेळत नाही. उभ्याने तो वास येतच नाही. पावसात सशांचं बूड रोज बघा. ओल्या घाणीवर माशी अंडी घालते आणि दोन दिवसांत अळ्या पडतात. दाणा-खाद्य भिंतीपासून दूर, फळीवर, घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा आणि पंधरा दिवसांपुरतंच भरा. बुरशी धरलेल्या शेंगदाण्यात, मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, बदकांचं यकृत त्यापुढे लगेच हरतं. धुवून वाळवलेलं बुरशीचं धान्यही चालत नाही, ते टाकायचंच. पिंपं बंद राहिली की उंदीरही कमी होतात, आणि लेप्टोच्या (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाच्या) दृष्टीने ते तुमच्या माणसांसाठीही महत्त्वाचं.

वादळाची तयारीही आत्ताच ठरवा. ३ जून २०२० ला निसर्ग आलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगतून गेलं. अशा वेळी माडाखालचा पिंजरा म्हणजे सापळा. प्राणी कोणत्या पक्क्या खोलीत न्यायचे, कशातून न्यायचे, कोण नेणार, हे लिहून भिंतीवर लावा आणि टोपल्या, खोके तयार ठेवा.

राहिले पाहुणे. मुलांनी प्राण्यांना हात लावूच नये असं मी म्हणत नाही. मुलांना प्राण्यांची ओळख व्हावी म्हणून तर तुम्ही हे सुरू केलंत. वेळ संध्याकाळी साडेचार ते सहा ठेवा, तेव्हा ससे जागे असतात. उचलणं बंद. कानाला धरून तर नाहीच, आणि कडेवर घेऊनही नाही, कारण घाबरून मागचे पाय झाडले की सशाचा मणका मोडू शकतो. मुलांनी आवारात जमिनीवर बसायचं, हातात जास्वंदीचं पान धरायचं, ससा आला तर आला. चिऱ्यांच्या घरात शिरलेल्या सशाला कोणीही बाहेर काढायचं नाही, हा नियम पाटीवर लिहा आणि पाहुण्यांसमोर तुम्ही स्वतः पाळा. मुलांना वाट बघायला आवडत नाही असं आपण मोठीच माणसं ठरवतो. ससा आपणहून जवळ आला की त्या मुलाचा चेहरा बघा.

कामाचा क्रम असा लावा: या आठवड्यात नर-मादी वेगळे, तळाला फळी आणि पेंढा, प्रत्येक पिंजऱ्यात एक आडोसा, पोपटासाठी फोन. पुढच्या पंधरवड्यात झापं, पिंपं, खोपट्यांची तोंडं. सशांची वजनं स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी करा; वजन उतरलेलं दिसतं तेव्हा बाहेरून अजून काहीच दिसत नसतं. वहीची पानं आणि तळव्यांचे फोटो पाठवा. तळवे चिघळलेले असतील तर फोटोवर उपाय सांगता येणार नाही, ससा जवळच्या पशुवैद्यकाकडे न्यावा लागेल. आवारांची मापं आपण त्यानंतर ठरवू, फॅब्रिकेशनवाल्याला तोवर थांबायला सांगा.